केप्लरच्या आईवरचा खटला

ज्यांना ऐकायला वेळ मिळत नाही, किंवा लोकलमध्ये नेटवर्क दगा देतं, त्यांच्यासाठी हा भाग नेहमीप्रमाणे लिहून देतोय. बोलण्याच्या ओघात माझ्याकडून दोन-तीन गोष्टी सुटल्या होत्या, त्याही इथं टाकल्या आहेत.

तर सुरुवात एका पेटीपासून करू.

7 ऑगस्ट 1620 ची रात्र. जर्मनीत श्टुटगार्टजवळ हॉयमाडेन नावाचं गाव आहे. तिथल्या पाद्र्याच्या घरावर सरकारी माणसं येतात. घरात पाद्र्याची सासू झोपलेली आहे, वय साधारण 73. माणसं तिला उठवतात, कपडे ठेवायच्या लाकडी पेटीत घालतात आणि पेटी उचलून चालू लागतात. शेजाऱ्यापाजाऱ्यांनी काही बघायला नको, बोंबाबोंब व्हायला नको, म्हणून ही पेटी.

या म्हातारीचं नाव काटारीना केप्लर. आरोप, ती चेटकीण आहे.

आडनाव ओळखीचं वाटलं ना? दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकात, गुरुत्वाकर्षणाच्या धड्यात तीन नियम होते. ग्रहाची कक्षा लंबवर्तुळाकार असते वगैरे. ते योहान्स केप्लरचे. ही त्याची आई.

आणि आता तारखा बघा. केप्लरने तिसरा नियम छापला 1619 मध्ये. आईला पेटीत घालून नेलं 1620 मध्ये. मध्ये एक वर्ष. मला स्वतःला हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा पटलंच नव्हतं. कारण आपल्या डोक्यात एक सोपा नकाशा असतो: मध्ययुग म्हणजे अंधार, चेटकिणी, जाळपोळ. मग कोणीतरी दिवा लावला, कोपर्निकस आला, गॅलिलिओ आला, आणि सगळं उजळलं.

हा नकाशा चुकीचा आहे. चेटकिणी जाळण्याचा कळस मध्ययुगात झालाच नाही. तो झाला साधारण 1560 ते 1650 या काळात, म्हणजे नेमका केप्लर, गॅलिलिओ आणि बेकन यांच्या काळात. उलट खऱ्या मध्ययुगात, इ.स. 785 च्या सुमारास, शार्लमेन राजाने सॅक्सनीसाठी जो कायदा केला, त्यात चेटकीण समजून एखाद्याला जाळणाऱ्यालाच मृत्युदंड सांगितला होता. आणि दहाव्या शतकात चर्चच्या नियमांत असं लिहिलेलं सापडतं की, बायका रात्री हवेतून उडत जातात हे मानणं हाच मुळात भ्रम आहे. गंमत आहे की नाही? चेटकिणी कशा ओळखायच्या आणि त्यांच्यावर खटला कसा चालवायचा याचं सगळ्यात कुप्रसिद्ध पुस्तक हाइनरिख क्रामरने लिहिलं पंधराव्या शतकाच्या अखेरीस, आणि ते गावोगावी पोहोचलं छापखान्यामुळे. म्हणजे ज्या यंत्राने कोपर्निकस छापला, त्याच यंत्राने हेही छापलं. पुढच्या दीड-दोनशे वर्षांत युरोपभर मिळून 40 ते 50 हजार माणसांना या आरोपाखाली मारलं गेलं असा इतिहासकारांचा अंदाज आहे. त्यातली निम्म्याच्या आसपास जर्मन भाषिक मुलखात, आणि बहुतेक बायका.

असो. काटारीनाकडे परत येऊ.

ती एका खानावळवाल्याची मुलगी. लिहिता-वाचता येत नव्हतं. नवरा भाडोत्री शिपाई, लढाया शोधत फिरणारा. आज घरी, उद्या गायब, आणि मग एकदा गेला तो परत आलाच नाही. बाईने एकटीने पोरं वाढवली, शेत सांभाळलं, उसनवार दिली, वसूल केली. झाडपाल्याची औषधं द्यायची. स्वभाव तिखट. केप्लरने तरुणपणी घरच्यांच्या पत्रिका मांडल्या होत्या, त्यात आईचं वर्णन काय केलंय? बुटकी, काटकुळी, सावळी, भांडखोर. स्वतःच्या आईबद्दल! पण याच केप्लरने हेही लिहून ठेवलंय की, 1577 मध्ये मोठा धूमकेतू आला तेव्हा आईने त्याला एका उंच जागी नेऊन तो दाखवला होता. तेव्हा पोरगा सहा वर्षांचाही नव्हता.

आता गाव. लेओनबर्ग, वुर्टेमबर्गच्या ड्यूकच्या राज्यातलं. इथं ड्यूकचा एक अधिकारी असायचा, त्याला फोग्ट म्हणत. आपला मामलेदार आणि फौजदार एकाच खुर्चीत बसवलेला समजा. या फोग्टचं नाव ल्युथेरस आइनहॉर्न. चेटकिणी शोधण्याचा याला फार उत्साह.

भांडण सुरू झालं ते अगदी गल्लीतलं. उर्सुला राइनबोल्ड नावाची बाई, खिडक्यांना काचा बसवणाऱ्या कारागिराची बायको. पूर्वी काटारीनाची मैत्रीण, मग काहीतरी बिनसलं. उर्सुलाला पोटाचं जुनं दुखणं होतं. ती म्हणायला लागली की, काटारीनाने मला एकदा काहीतरी प्यायला दिलं, तेव्हापासून हे सुरू झालं. उर्सुलाचा भाऊ राजघराण्याचा न्हावी होता. त्या काळी न्हावी म्हणजे शस्त्रक्रियाही करणारा माणूस, दरबारात वट असलेला. ऑगस्ट 1615 मध्ये हा भाऊ आणि फोग्ट आइनहॉर्न दोघांनी दारू पिऊन काटारीनाला फोग्टच्या घरी बोलावलं. भावाने तलवार काढली, तिच्यावर रोखली आणि म्हणाला, माझ्या बहिणीवर केलेली करणी आत्ताच्या आत्ता उतरव.

इथं एक सापळा आहे, लक्षात येतोय का? घाबरून तिने काहीतरी पुटपुटलं असतं, हात फिरवला असता, तर तोच पुरावा झाला असता. जिला करणी उतरवता येते, तिला करताही येत असणार! काटारीना सत्तरीला टेकलेली, समोर तलवार, पण बाई बधली नाही. मी काही केलेलं नाही, तर उतरवू काय?

तिच्या मुलांनी मग उलट अब्रुनुकसानीचा दावा लावला. पण दावा चालवणार कोण? तोच फोग्ट, जो स्वतः त्या तलवारीच्या प्रसंगात हजर होता. त्याने तारखांवर तारखा पाडल्या. (तारीख पे तारीख ही आपल्याकडचीच मिरासदारी नाही.) शेवटी ऑक्टोबर 1616 मध्ये सुनावणी ठरली, आणि तिच्या काही दिवस आधी नवंच प्रकरण उभं राहिलं. काही मुली विटा घेऊन चालल्या होत्या, काटारीना अरुंद वाटेने बाजूने गेली. त्यातल्या एका मुलीचा हात दुखायला लागला. फोग्टने हात तपासला आणि जाहीर केलं की, हा चेटकिणीच्या पकडीचा वळ आहे.

इथं काटारीनाने एक मोठी चूक केली. ती फोग्टकडे गेली आणि म्हणाली, एवढं मिटवून टाका, मी तुम्हाला चांदीचा प्याला देते. झालं. आता लाच देण्याचा प्रयत्नही खात्यावर जमा.

केप्लर तेव्हा कुठं होता? ऑस्ट्रियात, लिन्झ शहरात. हुद्दा होता सम्राटाचा गणितज्ञ. ऐकायला भारी, पण पगार कायम थकलेला. बहिणीचं पत्र त्याला डिसेंबर 1615 च्या अगदी शेवटी मिळालं. त्याने लेओनबर्गच्या नगरसभेला लगेच कडक पत्र लिहिलं आणि सगळ्या कागदपत्रांच्या नकला मागितल्या. पुढे आई काही महिने लिन्झला त्याच्याकडे येऊन राहिली. पण तिला परक्या गावात करमेना. आणि गाव सोडणं म्हणजे पळून जाणं, असाही अर्थ लावला जात होता. ती परत गेली.

फेब्रुवारी 1618 मध्ये केप्लरची लहानगी मुलगी वारली. तिचंही नाव काटारीना, आजीचंच. त्या दिवसांत त्याला मोठमोठी आकडेमोड जमत नव्हती, म्हणून तो एका जुन्या आवडत्या विषयाकडे वळला: ग्रहांच्या गतीतला सुसंवाद. 15 मे 1618 ला त्याला तिसरा नियम पक्का सापडला. ग्रहाला सूर्याभोवती फिरायला लागणाऱ्या काळाचा वर्ग हा त्याच्या सूर्यापासूनच्या सरासरी अंतराच्या घनाच्या प्रमाणात असतो. त्यानंतर आठच दिवसांनी प्रागमध्ये राजवाड्याच्या खिडकीतून सम्राटाचे अधिकारी खाली फेकले गेले आणि तीस वर्षांचं युद्ध पेटलं. परीक्षेत हे सगळं वेगवेगळ्या पेपरात येतं, त्यामुळे एका माणसाच्या चार महिन्यांत ते मावलंय हे आपल्या लक्षातच येत नाही.

1620 मध्ये पेटीचा तो प्रकार झाला, तेव्हा केप्लरने लिन्झ सोडलं. बायकोमुलांना रेगेन्सबुर्गला ठेवलं आणि स्वतः वुर्टेमबर्ग गाठलं. पुढचं वर्षभर त्याने मुख्य काम एकच केलं: आईची वकिली.

आई तोपर्यंत ग्युग्लिंगेन गावात कैदेत होती. साखळीने बांधलेली. 73-74 वर्षांच्या म्हातारीवर दोन-दोन पहारेकरी, आणि त्यांचा खर्च तिच्याच मालमत्तेतून. पहारेकरी सरपणही बेसुमार जाळत होते, त्याची तक्रार केप्लरने केल्याची नोंद आहे. कुटुंबात सगळेच सोबत होते असंही नाही. धाकटा भाऊ क्रिस्टोफ कथलाची भांडी करायचा. गावात धंदा, गावात अब्रू. त्याला यातून अंग काढून घ्यायचं होतं. मला त्याचा राग येत नाही, खरं सांगायचं तर. ज्याला दुकान त्याच गल्लीत चालवायचंय त्याची गोष्ट वेगळी असते. आणखी एक भाऊ होता हाइनरिख, तो 1615 मध्येच वारला होता. पण मरण्याआधी आईशी भांडताना, ही मला मांस खायला देत नाही, हिने वासरावर बसून ते मारलं, असं काहीबाही बरळला होता. तेही आता पुराव्यात. बहीण मार्गारेटा मात्र शेवटपर्यंत आईच्या बाजूने घट्ट उभी राहिली.

खटल्यात काय काय होतं, तर वाचून हसावं की रडावं कळत नाही. सगळ्यात अडचणीची गोष्ट कवटीची. काटारीनाने चर्चमध्ये प्रवचनात ऐकलं होतं की, प्राचीन काळी काही लोक आपल्या नातेवाइकांच्या कवटीचा प्याला करत. तिला कल्पना आवडली. तिने कबर खणणाऱ्याला विचारलं, माझ्या वडिलांची कवटी काढून देशील का? चांदीत मढवून माझ्या गणितज्ञ मुलाला भेट द्यायचीय. तो नाही म्हणाला, विषय संपला. पण आता कोर्टात हे उभं राहिल्यावर दिसणार कसं? आणि ही गोष्ट खोटीही नव्हती.

अजून एक: ती जबाब देताना रडली नाही. चेटकिणीला अश्रू येत नाहीत असा समज होता. तिचं उत्तर असं नोंदलं गेलंय की, आयुष्यात इतकी रडलेय की आता पाणीच उरलेलं नाही.

केप्लरने काय केलं? आपल्याला वाटेल, एवढा मोठा शास्त्रज्ञ, त्याने उभं राहून सांगितलं असेल की चेटकिणी वगैरे काही नसतं. तर नाही. तो असं एकदाही म्हणाला नाही. चेटकिणी असतात असं तोही मानत होता. तो पत्रिकाही मांडायचा, वॉलेनस्टाइनसारख्या सेनापतीची सुद्धा. त्याचं म्हणणं एवढंच होतं की, ही बाई चेटकीण आहे हे तुम्ही सिद्ध केलेलं नाही.

आणि मग त्याने एकेक साक्षीदार घेतला. हा म्हणतो दुखणं सुरू झालं, बरं, कधी? काटारीनाच्या घरी गेला होतास ते कधी? दहा वर्षांपूर्वी? मग दहा वर्षं गप्प का होतास, आणि गावात आवई उठल्यावरच कसं आठवलं? गावातला शाळामास्तर बॉयटेलश्पाखर, केप्लरचा शाळेतला सोबती. हाच पूर्वी काटारीनाला तिच्या मुलाची पत्रं वाचून दाखवायचा. तो लंगडा झाला होता आणि म्हणत होता, तिच्या घरच्या वाइनने झालो. केप्लरने दाखवून दिलं की, तो चर उडी मारून ओलांडायला गेला आणि त्यात त्याला दुखापत झाली. विटांवाल्या मुलीचा हात? वजन उचलून दुखला. उर्सुलाचं पोट? तिने आधीच कितीतरी जालीम औषधं घेतली होती. साध्या कारणाने जे समजतं, तिथं सैतानाला बोलवायची गरज काय? प्रत्येक साक्षीतल्या तारखा, ऐकीव भाग, स्वतः पाहिलेला भाग, सगळं वेगळं केलं. बचावाचं शेवटचं निवेदन 128 पानांचं झालं, बरंचसं त्याच्या स्वतःच्या अक्षरात.

मंगळाची कक्षा शोधतानाही त्याने हेच केलं होतं. ट्युको ब्राहेच्या निरीक्षणांत आणि गणितात किंचित फरक येत होता. दुसऱ्या कोणी तो सोडून दिला असता. त्याने तो सोडला नाही, आणि वर्तुळाचा हजारो वर्षांचा हट्ट सोडून तो लंबवर्तुळावर आला. त्याच सवयीने तो आता शेजारणींच्या जबान्या तपासत होता.

पण एवढा जीव तोडून कागद लिहिण्याचं खरं कारण वेगळं होतं, ते समजून घ्या. 1532 च्या साम्राज्याच्या फौजदारी कायद्याप्रमाणे शिक्षेसाठी दोन साक्षीदार किंवा कबुली लागायची. सैतानाशी करार केल्याचे साक्षीदार कुठून आणणार? म्हणून कबुली. आणि कबुली काढण्यासाठी यातना. पुरेसा संशय आहे असं ठरलं की यातनांची परवानगी. यातना सुरू झाल्या की बहुतेक माणसं कबूल व्हायची, वर अजून चार जणींची नावंही सांगायची, आणि मग त्या चार जणींचे खटले. म्हणजे लढाई निकालाची नव्हतीच, यातनांच्या परवानगीची होती. ती मिळाली की पुढचं ठरलेलं. काटारीनाला जिने लहानपणी वाढवलं, त्या मावशीलाही चेटकीण म्हणून जाळलं होतं. म्हणजे हे कुठपर्यंत जातं, ते तिला घरातूनच माहीत होतं.

सगळी कागदपत्रं ट्युबिंगेनच्या विद्यापीठात कायद्याच्या प्राध्यापकांकडे गेली. केप्लर तिथंच शिकला होता, आणि त्याचा जुना मित्र क्रिस्टोफ बेझोल्ड तिथं कायदा शिकवत होता. ओळखीचा उपयोग झाला का? झाला असणार. निरक्षर म्हातारीचा मुलगा सम्राटाचा गणितज्ञ नसता, तर 128 पानं कोणी लिहिली असती आणि कोणी वाचली असती? लेओनबर्गमधल्या दुसऱ्या बायकांसाठी असं कोणी नव्हतं. त्या जळाल्या.

प्राध्यापकांनी मधला मार्ग काढला. यातना द्यायच्या नाहीत, फक्त धमकी द्यायची. 28 सप्टेंबर 1621 ला काटारीनाला यातनांच्या खोलीत नेलं. जल्लादाने एकेक हत्यार दाखवलं, कशाने काय होतं ते समजावून सांगितलं, आणि म्हणाला, आता तरी कबूल हो. चौदा महिने साखळीत काढलेली बाई. ती म्हणाली, माझ्या अंगातली एकेक शीर ओढून काढलीत तरी माझ्याकडे कबूल करण्यासारखं काही नाही. मग गुडघे टेकून तिने प्रार्थना म्हटली.

कायद्याप्रमाणे संशय तिथं फिटला. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात तिला सोडलं. पण लेओनबर्गला परत जाता येईना. लोकांनी ठार मारण्याच्या धमक्या दिल्या होत्या. कोर्टाने सोडलं, गावाने सोडलं नाही. सहा महिन्यांनी, 13 एप्रिल 1622 ला ती गेली.

पुढचं थोडक्यात सांगतो, कारण काहींनी मागच्या भागाखाली विचारलं होतं की हे थांबलं कधी. एकदम नाही थांबलं. 1631 मध्ये फ्रीडरिख श्पे या जेझुइट पाद्र्याने नाव न घालता पुस्तक काढलं आणि लिहिलं की, यातना देऊन काढलेली कबुली काहीच सिद्ध करत नाही. तोही केप्लरसारखाच, चेटकिणी नसतातच असं म्हणाला नाही. 1687 मध्ये न्यूटनचं प्रिन्सिपिया आलं, ज्यात केप्लरचे नियम गुरुत्वाकर्षणातून निघतात, आणि त्यानंतर पाचच वर्षांनी अमेरिकेत सेलममध्ये 19 जणांना फाशी झाली. ब्रिटनने चेटकाचा गुन्हा कायद्यातून काढला 1735 मध्ये. स्वित्झर्लंडच्या ग्लारुसमध्ये आन्ना ग्योल्डीचा शिरच्छेद झाला तो 1782 मध्ये. तेव्हा व्हॉल्टेअर मरून चार वर्षं झाली होती, आणि दोनच वर्षांनी कांट 'प्रबोधन म्हणजे काय' हा निबंध लिहिणार होता. ग्लारुसच्या कोर्टानेही कागदावर चेटूक हा शब्द टाळून विषप्रयोग लिहिलं. म्हणजे तोपर्यंत निदान लाज वाटायला लागली होती.

आता एक राहिलेली गोष्ट. केप्लरने 1609 च्या सुमारास एक कथा लिहिली होती, 'सोम्नियम', म्हणजे स्वप्न. चंद्रावरून आकाश कसं दिसेल हे सांगण्यासाठी त्याने गोष्टीचं सोंग घेतलं. नायक आइसलँडचा एक मुलगा, जो पुढे ट्युको ब्राहेकडे शिकतो. आणि त्याची आई झाडपाला विकणारी, भुतांशी बोलणारी बाई. हस्तलिखिताच्या नकला हातोहात फिरल्या. केप्लरला पुढे आयुष्यभर वाटत राहिलं की, आपली ही कथा न्हाव्यांच्या दुकानांतल्या गप्पांत पोहोचली आणि त्यातून आईवर आळ आला. आजच्या इतिहासकारांना हे फारसं पटत नाही; लेओनबर्गला आग लावायला गोष्टीच्या पुस्तकाची गरज नव्हती. पण त्याने स्वतःला माफ केलं नाही असं दिसतं. आई गेल्यावर त्याने त्या कथेला टिपा लिहायला घेतल्या, एकूण 223. प्रत्येक भुताखेताच्या ओळीखाली यामागे खगोलशास्त्राचं काय म्हणायचंय ते समजावलेलं. टिपा मूळ कथेपेक्षा कितीतरी मोठ्या झाल्या. 1630 मध्ये तो वारला तेव्हाही पुस्तक पूर्ण छापून झालं नव्हतं. ते मुलाने 1634 मध्ये बाहेर काढलं.

कथेतली आई मात्र त्याने बदलली नाही. ती तशीच आहे. पाच वर्षांनी परत आलेल्या मुलाला बघून ती खूश होते. त्याने आकाशाबद्दल जे शिकलंय ते त्याला पुन्हा पुन्हा विचारते. आणि मग एका रात्री दोघं डोक्यावर कापड ओढून शेजारी शेजारी बसतात, आणि चंद्राबद्दल सांगणारा एक आवाज ऐकू लागतात.